अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम : अक्षरविभागणी व आघात
इंग्लंडच्या चर्चचे अधिकृत स्थान काढून घेण्यास विरोध करणारी एकोणिसाव्या शतकातील भूमिका सांगणारा हा 28 वर्णांचा इंग्रजी शब्द. बोलताना त्याची 12 अक्षरे पडतात : अँ-टि-डि-सि-स्टॅब्-लिश्-मन्-टेअ-रि-अ-नि-झम्. लेखनातील शेवटच्या ‘एस्एम्’ या जोडीत स्वरचिन्ह नाही, तरीही तेथे ‘झम्’ हे स्वतंत्र अक्षर ऐकू येते; अक्षरे कानाने मोजावीत ती यासाठीच.

मुख्य आघात आठव्या अक्षरावर, ‘टेअ’वर आहे. मूळ ‘एस्टॅब्लिश’मध्ये तो ‘स्टॅब्’वर असतो आणि ‘मेंट’ जोडल्यावरही तेथून हलत नाही. ‘एरिअन’ हा प्रत्यय मात्र आघात स्वतःकडे ओढतो (‘व्हेजिटेरिअन’, ‘पार्लमेंटेरिअन’ यांतही हेच घडते) आणि ‘स्टॅब्’कडे दुय्यम आघात उरतो. आरंभीच्या ‘अँ’वरही तसाच हलका जोर येतो. ‘इझम’ने आघाताची जागा बदलत नाही. आघात नसलेले स्वर आखडतात, म्हणून ‘मेंट’चे ‘मन्’ होते.

मराठीत आघाताने सहसा अर्थभेद होत नाही. त्यामुळे मराठी भाषक इंग्रजी शब्दाची सगळी अक्षरे जवळपास सारख्या वजनाने उच्चारतात. शिकवताना आधी प्रत्यय ओळखायला लावणे सर्वांत उपयोगी ठरते.