शेतीतील उष्मादर्शी ड्रोन

उष्मादर्शी ड्रोन (प्रचलित नाव : थर्मल ड्रोन) म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागातून बाहेर पडणारे अवरक्त प्रारण टिपणारा कॅमेरा बसविलेले मानवरहित विमान होय. शेतीत त्याचा मुख्य उपयोग पिकाच्या पर्णसंभाराचे तापमान मोजून त्यावरून पाण्याचा ताण ओळखण्यासाठी होतो. महाराष्ट्रात नाशिक, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांतील द्राक्षबागा आणि मराठवाड्यातील मोसंबी व डाळिंबाच्या बागा ही त्याच्या वापराची स्वाभाविक क्षेत्रे आहेत. या बागा बहुवार्षिक असतात, त्यांना पाणी ठिबक पद्धतीने मोजून द्यावे लागते आणि एका हंगामाच्या चुकीचे परिणाम पुढील हंगामातही भोगावे लागतात.

नाव

'थर्मल' या शब्दासाठी 'औष्णिक' हा प्रतिशब्द रूढ आहे. परंतु तो ऐकताच मराठी वाचकास परळीसारखे वीजकेंद्र आठवते. हे यंत्र उष्णता निर्माण करीत नाही, ती केवळ पाहते. त्यामुळे 'उष्मादर्शी' हा शब्द अधिक नेमका ठरतो. बोलण्यात मात्र शेतकरी आणि विक्रेते 'थर्मल ड्रोन' असेच म्हणतात.

कार्यतत्त्व

दृश्य प्रकाशाच्या लाल टोकापलीकडेही उष्णतेचे किरण असतात, हे विल्यम हर्शेल याने १८०० साली दाखविले. सामान्य तापमानाच्या वस्तू सुमारे ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात सर्वाधिक प्रारण सोडतात. ड्रोनवरील कॅमेरे हाच पट्टा टिपतात, म्हणून त्यांना प्रकाशाची गरज नसते.

पान आपल्या पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ सोडते आणि त्यामुळे थंड राहते. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, तेच हे कारण. मुळांना पाणी कमी पडले की वनस्पती पर्णरंध्रे मिटून घेते, बाष्पोत्सर्जन घटते आणि पान तापू लागते. पाने मलूल होण्यापूर्वीच हा फरक मोजता येतो, आणि या तंत्राचे सारे मूल्य या आगाऊ सूचनेत आहे.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फिनिक्स येथे इडसो, जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये याच तत्त्वावर 'पीक जलताण निर्देशांक' मांडला. त्यात पर्णसंभार व हवा यांच्या तापमानांतील फरक विचारात घेतला जातो. भरपूर पाणी असलेल्या पिकाचा फरक ही खालची मर्यादा, तर बाष्पोत्सर्जन पूर्ण थांबलेल्या पिकाचा फरक ही वरची मर्यादा मानतात. निर्देशांक ० असेल तर ताण नाही, १ असेल तर कमाल ताण. हवेतील आर्द्रतेनुसार खालची मर्यादा बदलते. म्हणून नुसते पानाचे तापमान सांगणारे चित्र अपुरे असते.

बागायतीतील ताण

फळबागायतदाराच्या भाषेत 'ताण' हा शब्द नेहमीच अनिष्ट अर्थाने येत नाही. मोसंबीचा आंबे बहार किंवा मृग बहार धरण्यासाठी पाणी तोडून झाडांना मुद्दाम ताण दिला जातो; डाळिंबातही तीच रीत आहे. द्राक्षात एप्रिलमधील खरड छाटणीनंतर सूक्ष्म घडनिर्मितीच्या काळात पाणी आखडते घेतले जाते. ताण कमी बसला तर फूल विरळ येते, अधिक बसला तर झाड खचते.

हा ताण हलक्या जमिनीत लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. मराठवाड्यात एकाच गटात एका बाजूला मुरमाड आणि दुसऱ्या बाजूला काळी जमीन असणे नवलाचे नाही. अशा बागेत पाणी एकाच दिवशी तोडले आणि एकाच दिवशी सुरू केले, तर अर्ध्या झाडांचा ताण अपुरा राहतो किंवा उरलेल्या अर्ध्या झाडांचा मर्यादेबाहेर जातो. अनुभवी बागायतदार पानांचा रंग व पानगळ पाहून अंदाज घेतो; पण तो बांधावरून आणि ओळींतून चालत घेतलेला असतो. उष्मादर्शी चित्र संपूर्ण बागेची एकाच घटकेची स्थिती दाखविते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना व तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यांतील मोसंबीच्या अनेक बागा वाळून गेल्या. शेततळ्यात उरलेले पाणी आधी कोणत्या झाडांना द्यायचे, हा प्रश्न अशा वर्षी बाग राहील की जाईल याचा असतो.

दौलताबाद परिसरातील द्राक्षे आणि डाळिंबांचा उल्लेख चौदाव्या शतकात इब्न बतूता याने केला आहे. आज मराठवाड्यातील द्राक्षशेतीचे ठळक उदाहरण म्हणजे जालना तालुक्यातील कडवंची हे गाव. पाणलोट विकास आणि शेततळी यांच्या बळावर तेथील द्राक्षबागा उभ्या आहेत, आणि पाणी मोजूनच द्यावे लागते अशा ठिकाणी हे तंत्र अधिक उपयोगी पडते.

कॅमेऱ्याची निवड

खरेदीच्या वेळी उड्डाणाचा काळ व पल्ला यांची चर्चा अधिक होते; निर्णय मात्र कॅमेऱ्यावरून व्हावा. पहिला भेद प्रत्येक बिंदूचे तापमान नोंदविणारा कॅमेरा आणि केवळ रंगीत चित्र दाखविणारा कॅमेरा यांतला आहे. दुसऱ्या प्रकारचा कॅमेरा माणूस, जनावर किंवा आग शोधण्यास पुरतो, पण ताणाच्या मोजमापास निरुपयोगी असतो. विक्रीपत्रकात 'रेडिओमेट्रिक' हा शब्द आहे की नाही, हे त्यासाठी पाहावे लागते.

दुसरा मुद्दा चित्रबिंदूंच्या संख्येचा. ५७ अंशांचे आडवे दृष्टिक्षेत्र असलेला कॅमेरा ६० मीटर उंचीवरून सुमारे ६५ मीटर रुंदीचा पट्टा टिपतो. संवेदक १६० × १२० बिंदूंचा असेल तर एक बिंदू जमिनीवरील सुमारे ४१ सेंटिमीटर जागा व्यापतो. ६४० × ५१२ बिंदूंचा असेल तर सुमारे १० सेंटिमीटर. १२० मीटर उंचीवर हे आकडे दुप्पट होतात. ६ × ६ मीटर अंतरावर लावलेल्या मोसंबीच्या पूर्ण वाढलेल्या झाडावर ४१ सेंटिमीटरचेही पुष्कळ बिंदू पडतात, त्यामुळे तेथे स्वस्त संवेदक चालून जातो. वाय आकाराच्या ताटीवरील द्राक्षओळ अरुंद असते. तिच्यावर जेमतेम तीन-चार बिंदू बसतात आणि कडेच्या बिंदूंत पान व तापलेली माती यांची सरमिसळ होऊन न तहानलेली वेलही तहानलेली दिसते. मांडव पद्धतीच्या बागेत पर्णसंभार सलग असल्याने ही अडचण बरीच कमी होते. म्हणजे एकाच पिकासाठीही लागवडीच्या पद्धतीनुसार कॅमेरा बदलतो.

मात्र बिंदू लहान करीत जाण्यास व्यावहारिक मर्यादा आहे. पाणी वेलीगणिक सोडता येत नाही, ते व्हॉल्वनुसार सोडले जाते. बागेत चार व्हॉल्व असतील तर सिंचनाचे निर्णयही चारच होतात. आधी जमिनीच्या प्रतीनुसार व्हॉल्वची विभागणी आणि मगच महागडा कॅमेरा, हा क्रम अधिक शहाणपणाचा आहे. बंद पडलेले ड्रिपर किंवा फुटलेली लॅटरल शोधण्यासाठी मात्र बारीक बिंदूंचा उपयोग होतो.

तिसरा मुद्दा अचूकतेचा. ड्रोनवरील थंड न केलेल्या संवेदकांची निरपेक्ष अचूकता साधारणतः ±२ ते ±५ अंश सेल्सिअस सांगितली जाते, तर ताणामुळे पडणारा फरक अनेकदा तेवढाच असतो. याउलट एकाच चित्रातील दोन बिंदूंमधला अगदी लहान फरक, अंशाच्या विसाव्या भागाइतकाही, हे संवेदक ओळखू शकतात. त्यामुळे एकाच उड्डाणातील दोन भागांची तुलना विश्वसनीय असते. आजचा आकडा मागील आठवड्याच्या आकड्याशी सरळ ताडून पाहणे धोक्याचे असते. त्यावर उपाय म्हणून बागेत ओले कापड अंथरून त्याचे तापमान संदर्भासाठी टिपतात. उड्डाणापूर्वी कॅमेरा काही मिनिटे चालू ठेवून स्थिर होऊ देणेही आवश्यक असते.

उष्मादर्शी चित्रात ठळक खुणा कमी असल्याने चित्रे जोडून नकाशा करताना ती एकमेकांवर सुमारे ८० टक्के चढलेली असावी लागतात. म्हणून साधा रंगीत कॅमेरा सोबत असणे जवळजवळ अनिवार्य आहे. लहान गटांसाठी जागेवरून उभे उडणारे, अनेक पंख्यांचे ड्रोन सोयीचे पडते. स्थिर पंखांचे विमान विस्तीर्ण क्षेत्रासाठी असते.

उड्डाणाची वेळ

निरभ्र आकाश, मंद वारा आणि मध्यान्ह ही योग्य वेळ होय. भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून छत्रपती संभाजीनगर पश्चिमेस असल्याने तेथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात साधारण साडेबारा वाजलेले असतात. ढगाची एक सावली सरकून गेली तरी पानांचे तापमान काही मिनिटांत बदलते. द्राक्षावर प्लॅस्टिकचे आच्छादन किंवा शेडनेट असेल, तर वरून मिळणारे तापमान पानांचे मानता येत नाही.

नियम आणि हवाई क्षेत्र

भारतात ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. त्यांनुसार ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक आणि प्रकार-प्रमाणपत्र लागते. २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन आणि अव्यावसायिक कामासाठी वापरलेले २ किलोपर्यंतचे मायक्रो ड्रोन वगळता चालकाकडे दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र असावे लागते. त्यासाठी दहावी उत्तीर्ण असणे आणि वय १८ ते ६५ वर्षे असणे ही अट आहे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर, संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांसारखे अपवाद सोडून, बंदी आहे. सुट्या भागांवर नाही. परदेशी विक्रीपत्रके वाचून डीजेआयच्या एखाद्या प्रतिमानावर मन बसविणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंतच्या हवाई क्षेत्रात परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट, म्हणजे सुमारे ६० मीटर, उंचीपर्यंत ते मुक्त असते. त्यापलीकडे, अन्य निर्बंध नसतील तेथे, ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून पूर्वेस जाणारा जालना रस्ता चिकलठाणा विमानतळावरून पुढे बदनापूर आणि जालना या मोसंबीच्या पट्ट्यात जातो. क्रांती चौकासह शहराचा बहुतांश भाग आणि चिकलठाण्याची शिवारे विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात येतात, तर बदनापूरकडील बागा त्याबाहेर आहेत. एकाच रस्त्यावरच्या दोन शेतकऱ्यांना त्यामुळे वेगवेगळे नियम लागू होतात. ६० मीटरची मर्यादा असेल तेथे एका उड्डाणात क्षेत्र कमी होते, पण चित्र अधिक बारीक मिळते. ताटीवरील द्राक्षाला ही मर्यादा उलट पथ्यावरच पडते.

खरेदी, अनुदान व भाडे

फवारणीचे ड्रोन आणि पाहणीचे ड्रोन ही दोन वेगळी यंत्रे आहेत, आणि या दोहोंत पुष्कळदा गल्लत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली 'नमो ड्रोन दीदी' योजना (१५,००० महिला स्वयंसहायता गट, किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये साहाय्य) मुख्यतः खते व कीडनाशके यांच्या फवारणीसाठी आहे. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून 'किसान ड्रोन'साठी शेतकरी उत्पादक संस्थांना ७५ टक्क्यांपर्यंत, लहान व सीमांत शेतकरी, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के (कमाल ५ लाख रुपये) व इतरांना ४० टक्के (कमाल ४ लाख रुपये) साहाय्याची तरतूद आहे. अनुदान आहे म्हणून घेतलेल्या फवारणीच्या ड्रोनवर पुढे उष्मादर्शी कॅमेरा बसविता येईलच असे नाही.

दोन-चार एकरांच्या बागायतदारास वर्षातून काही मोजक्या वेळीच असे चित्र हवे असते : बहाराचा ताण तोडण्यापूर्वी, छाटणीनंतरच्या ठरावीक टप्प्यांवर, उन्हाळ्यात पाणी आटू लागल्यावर. त्यासाठी स्वतःचे यंत्र घेणे क्वचितच परवडते. उत्पादक संस्थेने किंवा अवजारे बँकेने एक यंत्र घेऊन सभासदांना पाहणी करून देणे हा अधिक व्यवहार्य मार्ग आहे. भाड्याने काम देताना केवळ रंगीत नकाशा न घेता तापमानाची मूळ माहिती मागून घ्यावी.

मर्यादा

उष्मादर्शी चित्र झाड तापले आहे एवढेच सांगते, ते का तापले हे सांगत नाही. बंद ड्रिपर, क्षारयुक्त जमीन, सूत्रकृमी, खोडकिडा, कुजलेली मुळे, या सर्वांचे चित्र सारखेच दिसते. मोसंबीवरील डिंक्या रोग हे याचे सर्वांत घातक उदाहरण आहे. फायटोप्थोरा बुरशीमुळे मुळे निकामी होऊन झाड पाणी उचलू शकत नाही आणि चित्रात तहानलेले दिसते. त्याला अधिक पाणी दिले की ओल वाढून रोग आणखी बळावतो. म्हणून चित्रातील तप्त ठिकाणी जाऊन बुंधा, मुळे व माती हातांनी तपासल्याशिवाय व्हॉल्व उघडू नये. अशा निदानासाठी बदनापूर येथील मोसंबी संशोधन केंद्र, शहरातील हिमायतबाग येथील फळ संशोधन केंद्र (दोन्ही वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची) आणि द्राक्षासाठी पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या संस्था उपलब्ध आहेत.

इतर उपयोग

रात्री उबदार प्राणी ओळखता येत असल्याने जुन्नर परिसरात उसातील बिबट्यांच्या शोधासाठी वनविभागाने असे ड्रोन वापरले आहेत. शेतीच्या पाहणीसाठी मात्र रात्रीच्या उड्डाणाचे प्रयोजन सहसा नसते. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील गावांमध्ये रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या वार्तांनी चोरांची भीती पसरली होती आणि अनेक गावांत लोक रात्री जागून पहारा देत होते. तेव्हापासून या भागात दिवसाच्या पाहणीपूर्वीही पोलीस पाटील व शेजारचे शेतकरी यांना कळविणे इष्ट ठरते.