पुरंदरची पाणी पंचायत : अवर्षणप्रवण भागातील उपजीविकेचा एक प्रयोग

हवामानबदलाच्या अनुषंगाने ग्रामीण उपजीविकेची चर्चा अलीकडे वाढली असली, तरी लहरी पावसाशी जुळवून घेण्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका या दृष्टीने अभ्यासनीय ठरतो.

१९७२ च्या दुष्काळात राज्यातील दुष्काळी कामांवर एका टप्प्यावर सुमारे ५० लाख मजूर होते. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव आणि पोटाला मिलो व सुकडी, अशी त्या काळाची लोकस्मृती आहे. या कामांनी माणसे जगली, हे निर्विवाद. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यामागेही हाच अनुभव होता. परंतु काम संपताच शेतकरी पुन्हा त्याच कोरड्या शेतात परतत असे. ही उणीव पुण्याचे अभियंता व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी हेरली. नायगाव येथील देवस्थानची सुमारे ४० एकर जमीन खंडाने घेऊन त्यांनी बांधबंदिस्ती, पाझर तलाव व विहीर यांचा प्रयोग केला आणि १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठानची स्थापना झाली.

मृद्‌संधारणाचे तंत्र तसे परिचितच होते. नवे होते ते पाणीवाटपाचे सूत्र. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर मिळे. दरडोई अर्धा एकर आणि कुटुंबास कमाल अडीच एकर, अशी मर्यादा होती. भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क होता. जमीन विकली, तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नसे. उपसा सिंचन योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा लाभार्थींनीच उचलावयाचा होता. उसासारख्या बारमाही पिकास मनाई होती. साखर कारखानदारी ऐन भरात असलेल्या पुणे जिल्ह्यात हा नियम पाळणे सर्वांत कठीण होते आणि प्रयोगाचे खरे धैर्यही त्यातच होते. थोड्या पाण्यात अधिक कुटुंबांची भाकरी पिकावी, हा त्यामागील हिशेब होता.

साळुंखे यांचे २००२ मध्ये निधन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, २००५ मध्ये, सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपविणारा अधिनियम राज्यात संमत झाला. लोकसहभागाचे तत्त्व त्याने स्वीकारले. मात्र पाणी वापर संस्थेचे सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकांशीच निगडित ठेवले. नायगावच्या सूत्रातील भूमिहीन त्या कायद्याच्या चौकटीबाहेरच राहिला.