सनरूफ, पाणीमहाल आणि माळवद

जुन्या गाडीचं सनरूफ बिघडलं की तक्रारी साधारण दोनच असतात. एक तर ते अर्ध्यात अडकून बसतं, नाहीतर पावसात आतून ठिबकायला लागतं. आणि दोन्हींवर गॅरेजमध्ये मिळणारा सल्लाही ठरलेला: "साहेब, सिलिकॉन मारून कायमचं बंद करून टाकू."

सल्ला स्वस्त आहे, अर्ध्या तासात काम होतं. पण मंडळी, तो चुकीचा आहे. का चुकीचा, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये सापडेलच असं नाही. मला मात्र ते धाराशिव जिल्ह्यातल्या दोन छतांमुळे नीट समजलं. (हो, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद. २०२३ मध्ये नाव बदललं.) त्यातलं एक छत दगडाचं आणि ४०० वर्षांचं, दुसरं मातीचं. पहिल्यात पाण्याला वाट ठेवली होती, दुसऱ्यात दर वर्षी गळती बुजवली जायची. दोन्हींचं पुढे काय झालं तो सगळा इतिहास आहे.

पण आधी गाडी.

सरकत्या किंवा गुंडाळत्या छताची कल्पना काही नवी नाही. जर्मनीच्या वेबास्टो कंपनीने १९३० च्या दशकातच गाड्यांसाठी कापडी घडीची छतं बनवायला सुरुवात केली होती. अमेरिकेत नॅश कंपनीने १९३७ च्या सुमारास सरकतं धातूचं छत दिलं. बटण दाबून काच सरकणारं सनरूफ आपल्याकडे आधी महागड्या सेडानमध्येच असायचं. त्या गाड्या आता पंधरा-वीस वर्षांच्या झाल्यात, सेकंडहँड बाजारात परवडतात, आणि तिथूनच आपली गोष्ट सुरू होते.

बहुतेकांचा समज असा की काचेभोवतीचं रबर पाणी अडवतं. तर तसं नसतं! रबर फक्त वारा, आवाज आणि बरंचसं पाणी अडवतं. थोडं पाणी आत येणार हे गृहीत धरूनच डिझाइन केलेलं असतं. काचेखाली चारही बाजूंनी एक पन्हळ असते. आत आलेलं पाणी तिच्यात जमतं. तिच्या कोपऱ्यांतून, बहुतेक गाड्यांत चार, बारीक नळ्या निघतात. पुढच्या दोन पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून, मागच्या दोन मागच्या खांबांतून खाली जातात आणि पाणी गाडीबाहेर सोडतात. म्हणजे सनरूफ हे झाकण कमी आणि गटार जास्त आहे!

पंधरा वर्षांत ह्या नळ्यांत काय काय जातं? धूळ, कडुनिंबाची पानं, वाळलेलं ग्रीस. मग पन्हळ भरते, पाणी काठावरून छताच्या अस्तरात उतरतं आणि शेवटी पायाखालच्या गालिच्यात. काही गाड्यांत तिथेच खाली वायरिंगचे जोड किंवा एखादं कंट्रोल युनिट असतं. त्यामुळे तक्रार येते "सेंट्रल लॉकिंग आपोआप चालतंय" अशी, आणि मूळ कारण असतं डोक्यावर. रूट कॉज एकीकडे, एरर लॉग भलतीकडे... आपल्या धंद्यात हे रोजचंच की.

आता गॅरेजवाल्याने काचेभोवती सिलिकॉन फासलं तर काय होतं? पहिला पावसाळा बरा जातो. मग उन्हाने सिलिकॉन एका जागी सुटतं, पाणी पुन्हा शिरतं, पण नळ्या तुंबलेल्याच आणि काच उघडून पन्हळ साफ करायची सोयही गेलेली. गळती थांबली नाही, फक्त दिसेनाशी झाली. असो.

आता चला नळदुर्गला.

पुणे-हैदराबाद रस्त्याने जाणाऱ्या किती जणांनी सोलापूरच्या पुढे पन्नासेक किलोमीटरवरचा हा किल्ला खिडकीतून पाहिला असेल आणि चहासाठी पुढचा ढाबा शोधला असेल! बोरी नदीच्या वळणात वसलेला हा किल्ला बहमनींनंतर विजापूरच्या आदिलशाहीत आला. किल्ल्याभोवती पाणी राहावं म्हणून नळदुर्ग आणि शेजारचा रणमंडळ ह्यांच्यामध्ये नदीवर दगडी बंधारा घातला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीन नावाच्या स्थापत्यकाराने ह्या बंधाऱ्याच्या पोटातच एक महाल बांधला. तोच पाणीमहाल.

क्षणभर विचार करा. भर पुरात नदी अडवून धरणारी भिंत, आणि तिच्या आत माणसांनी बसायची खोली! आजच्या कुठल्या डिझाइन रिव्ह्यूत ही कल्पना मांडली तर लोक चहा टाकून उठतील. 'पाणी आत येणारच नाही' असं गृहीत धरून ही खोली बांधता आलीच नसती. इमादीनने नदीला जायला जागा दिली. बंधाऱ्यावरून पाणी उतरायला दोन सांडवे ठेवले, लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. वरच्या अंगाचं बोरी धरण भरून वाहू लागलं की हे दोन्ही धबधबे पडायला लागतात. पाणी महालाच्या सज्जासमोरून पडद्यासारखं खाली जातं, आणि आतला माणूस कोरडा!

तत्त्व तेच, जे सनरूफच्या पन्हळीत आहे. येणारं पाणी किती आणि कुठून येईल ते आपल्या हातात नाही. ते कुठून जाईल एवढंच आपण ठरवू शकतो.

१८५३ मध्ये निजामाने हा मुलूख कंपनी सरकारकडे सोपवला, तेव्हा मेडोज टेलर इथे अधिकारी म्हणून आला. बंधारा तेव्हा २४० वर्षांचा होता. टेलरच्या आत्मचरित्रात (ते त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये छापलं गेलं) नळदुर्गचं वर्णन आहे. आज बंधाऱ्याला ४०० च्या वर वर्षं झाली, आणि नर-मादी सुरू झाल्याची बातमी आली की सोलापूर-धाराशिवकडची मंडळी अजूनही गाड्या काढून निघतात.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. दुसरं छत मात्र तितकं सुखाचं नाही.

ह्याच जिल्ह्यात, आणि एकूणच मराठवाड्यात, गावाकडचं जुनं घर म्हणजे माळवद. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, पाला आणि सगळ्यात वर मातीचा थर. छत सपाट, पाणी जायला कडेला पन्हाळी. उजेड यावा आणि चुलीचा धूर जावा म्हणून मधे एक भोक ठेवलेलं, त्याला म्हणतात सवणं. पाऊस आला की त्यावर घमेलं पालथं घालायचं. (घ्या, विनामोटरचं सनरूफ!) उन्हाळ्यात असं घर थंडगार असतं, हे त्यात राहिलेला कुणीही सांगेल.

पण मातीचं छत गळतं. मग दर वर्षी मृगाच्या आधी घरचे लोक वर चढायचे, उगवलेलं गवत उपटायचे आणि गळतीच्या जागी पांढरी माती टाकून चोपायचे. ही माती पाणी चांगलं धरून ठेवते, खाली झिरपू देत नाही. शिवाय ती गावातच फुकट मिळते. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, मुलाने टाकली. जुनी माती काढून टाकायची सवय मात्र फारशी नव्हती. होता होता कित्येक घरांवर मातीचा थर एक-दोन फुटांवर गेला.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीच्या भूकंपाचे आकडे आपण शाळेत ऐकलेत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. आपल्या बाजूला सास्तूरसारखी गावं भुईसपाट झाली. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने हा धक्का मध्यमच, ६.२ च्या आसपास. माणसं मारली ती घरांनी. भिंतींचे दगड नुसत्या मातीत बसवलेले, एकमेकांना धड बांधलेले नाहीत, आणि डोक्यावर टनावारी माती. नंतर अभ्यासकांनी घरं पाहिली तेव्हा ह्या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या. उरलेली घरं मजबूत करायच्या शिफारशींत छतावरची माती कमी करणं हा एक मुद्दा होता. उलट जिथे खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा घट्ट होता, अशा काही घरांत भिंती बाहेर ढासळल्या तरी माळवद खांबांवर उभं राहिलं.

ह्यात त्या लोकांना बोल लावायची माझी अजिबात इच्छा नाही. लाकूड महाग, सिमेंट परवडत नाही, पाऊस तोंडावर आणि पोरं गळक्या छताखाली झोपणार. माती टाकणं हाच त्या वर्षापुरता शहाणपणाचा निर्णय होता. प्रत्येक पॅच आपल्या जागी बरोबर होता. फक्त सगळ्या पॅचेसच्या वजनाची बेरीज कुणी केली नव्हती, आणि ती करायला सांगणारंही कुणी नव्हतं. ज्यांच्याकडे ते ज्ञान होतं ते त्या गावांपर्यंत पोचलं नव्हतं. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त सलते.

गाडीच्या सनरूफमध्ये जीव जात नाही, तेव्हा तुलना ताणत नाही. पण सवय तीच. गळती दिसली की वरून काहीतरी थापायचं, आणि पाणी जायची वाट बघायचीच नाही.

तर आता कामाचं. सनरूफ बिघडलं तर ह्या क्रमाने बघा:

आधी फ्यूज. मग बटण दाबल्यावर मोटरचा आवाज येतो का ते ऐका. आवाज येतो पण काच थोडी सरकून परत फिरते, तर बहुतेकदा मोटर आपली जागा विसरलेली असते. बोट चेंगरू नये म्हणून ती स्वतःचे फेरे मोजत असते, बॅटरी काढली की मोजणी बिघडू शकते. मॅन्युअलमध्ये बटण काही सेकंद दाबून ठेवायची रीत दिलेली असते, ती करा.

मोटर फिरते पण काच एकाच बाजूने तिरकी सरकते, तर एका बाजूची केबल किंवा प्लॅस्टिकचा सरकता तुकडा तुटलाय. मग बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, काच आणखी वेडीवाकडी अडकेल. पाऊस येत असेल तर हाताने फिरवून बंद करायची सोय बऱ्याच गाड्यांत असते, अ‍ॅलन कीने.

सगळं ठीक आहे पण जड चालतंय, तर रूळांतलं जुनं ग्रीस पुसून नवीन लावा. नुसतं वरून लावलंत तर धुळीचा थर वाढेल. (माळवद आठवा.)

आणि शेवटी, बिघाड असो वा नसो, पन्हळीच्या प्रत्येक कोपऱ्यात कपभर पाणी ओता आणि गाडीखाली वाकून बघा. चारही ठिकाणी पाणी पडलं पाहिजे. एखादीकडून आलं नाही तर मऊ नायलॉनची दोरी हळूच आत घाला. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका, नळी आतल्या आत जोडातून सुटते आणि मग सगळं अस्तर उतरवावं लागतं.

हे सगळं करायला दहा मिनिटं पुरतात. मृग साधारण ७ जूनला लागतो, त्याच्या आधीचा एखादा रविवार धरा.