बंगळूरची नोंद, प्रिटोरियाचा अपघात आणि वीस वर्षे चुकलेले नाव

आजचा धागा जरा लांब आहे आणि विषय मैलापाण्याचा आहे. नाक मुरडण्याआधी थोडे थांबा. यात एक विसरलेला भारतीय शोधनिबंध आहे, मंगळ ग्रह आहे आणि दोन दशके चुकीच्या जिवाणूला मिळालेले श्रेयही आहे.

१९५९ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील श्रीनाथ, शास्त्री आणि पिल्लई या तिघांनी 'एक्सपेरिएन्शिया' या नियतकालिकात एक अगदी छोटा निबंध प्रसिद्ध केला. मैलापाण्यात हवा खेळवली असता त्यातील गाळ पाण्यातला फॉस्फरस फार वेगाने शोषून घेतो, असे त्यांना आढळले होते. सूक्ष्मजीवांच्या वाढीला जेवढा लागावा, त्याहून हे प्रमाण बरेच अधिक होते.

बंगळूरलाच हे का दिसावे? त्यासाठी मँचेस्टरला जावे लागते. ३ एप्रिल १९१४ रोजी आर्डर्न आणि लॉकेट यांनी तेथे 'ॲक्टिव्हेटेड स्लज' म्हणजे सक्रिय गाळाची पद्धत मांडली. पाण्यात हवा सोडायची, तळाशी बसलेला गाळ फेकून न देता पुढच्या पाण्यात पुन्हा मिसळायचा, आणि त्यातल्या जिवाणूंकडून घाण खाऊन टाकायची. आज जगभरची शहरे बहुतांशी याच तत्त्वावर आपले पाणी शुद्ध करतात. या दोघांच्या प्रयोगांमागे गिल्बर्ट फाउलर या रसायनशास्त्रज्ञाची प्रेरणा होती. हेच फाउलर १९१६ साली बंगळूरच्या संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. पुढे तेथे जीवरसायनशास्त्राचा विभाग उभा राहिला आणि गाळाच्या अभ्यासाची परंपरा रुजली. पिल्लई त्याच परंपरेतले होत. चाळीसच्या दशकात त्यांनी व व्ही. सुब्रह्मण्यन यांनी गाळातील आदिजीवांचे कार्य 'नेचर'मधून मांडले होते. १९५९ची नोंद योगायोगाने झाली नाही, ती तयार नजरेला झाली.

आता मुद्दा असा, की फॉस्फरस पाण्यातून काढायचा कशासाठी? आपले शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात, ते हेच मूलद्रव्य. पिकाला ते हवेच, पण तलावात ते पडले की पीक शेवाळाचे येते. शेवाळ मरून कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे तडफडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कपडे धुण्याच्या पावडरींत फॉस्फेट भरपूर आले आणि पाश्चात्त्य देशांतील तळी हिरवी पडू लागली. दोष नक्की कोणाचा, यावर कारखानदार व शास्त्रज्ञ यांच्यात वाद पेटला होता. १९७३ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांनी '२२६ क्रमांकाचे तळे' मधोमध पडदा घालून दुभागले. दोन्ही भागांत कार्बन व नायट्रोजन घातले, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला. विमानातून टिपलेले ते छायाचित्र सापडले तर जरूर पाहा. वैज्ञानिक वादात एवढा स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

लोहाचे वा तुरटीसारखे क्षार घालून फॉस्फरस काढता येतो, पण क्षारांचा खर्च आणि गाळाचे ढीग दोन्ही वाढतात. म्हणूनच बंगळूरची नोंद मोलाची होती. तिचा पाठपुरावा मात्र अमेरिकेत झाला. १९६५ साली गिल्बर्ट लेव्हिन आणि जोसेफ शपिरो यांनी वॉशिंग्टन शहराच्या गाळावर प्रयोग केले. पेशींची ऊर्जानिर्मिती बिघडवणारे एक रसायन घालताच शोषण थांबले, म्हणजे हे काम सजीवांचे होते. हवा बंद केली की गाळ गिळलेला फॉस्फरस परत ओकतो, हेही त्यांनी दाखवले. (हेच लेव्हिन पुढे १९७६ साली 'व्हायकिंग' यानांतून मंगळाच्या मातीत जीव शोधणाऱ्या प्रयोगाचे प्रमुख झाले. मंगळावर जीव सापडला, असा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.)

तरी शंका मिटली नाही. हवेच्या माऱ्याने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाणी अल्कधर्मी होते आणि कॅल्शियम फॉस्फेट आपोआप खाली बसते, असे कॅलिफोर्नियातील मेनार आणि जेन्किन्स यांनी १९७०मध्ये मांडले. जड पाण्यात हे घडतेही. त्यामुळे त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता.

हा गुंता सुटला दक्षिण आफ्रिकेत. देश कोरडा. एका शहराने सोडलेले पाणी खालच्या धरणातून दुसरे शहर पिते. प्रिटोरियाजवळचे हार्टबीस्पोर्ट धरण सत्तरच्या दशकात जलपर्णीने झाकोळले होते. जेम्स बर्नार्ड हे अभियंते प्रिटोरियातील डास्पोर्ट केंद्रातल्या एका छोट्या प्रायोगिक संयंत्रावर काम करत होते, आणि त्यांचे लक्ष होते नायट्रोजनवर. फॉस्फरस त्यांच्या ध्यानीमनी नव्हता. पण बाहेर पडणाऱ्या पाण्यातून तोही नाहीसा होताना दिसला. उलट मधल्या एका बिनहवेच्या टाकीत तो भलताच वाढलेला आढळला.

दुसऱ्या कोणी तो आकडा चूक समजून खोडला असता. बर्नार्ड यांनी तोच धागा पकडला. १९७४ साली त्यांनी मांडले, की गाळाला आधी प्राणवायूविना उपाशी ठेवा, त्याला फॉस्फरस सोडू द्या, आणि मगच हवा द्या. काढायचे असेल तर आधी सोडू द्यायचे! त्या पद्धतीला त्यांच्याच नावावरून 'बार्डेनफो' म्हणतात.

हे घडते कसे, याचा उलगडा पुढच्या दहा-बारा वर्षांत होत गेला. या जिवाणूंच्या पोटात फॉस्फेटच्या लांब साखळ्यांची गंगाजळी असते. प्राणवायू नसताना ते ही साखळी तोडतात, सुटलेल्या ऊर्जेवर पाण्यातील ॲसिटिक आम्लासारखे खाद्य ओढून घेतात आणि चरबीसारखे साठवतात. गाठीचा पैसा मोडून कोठी भरून घ्यावी, तसे. मग हवा मिळाली की कोठीतले जाळून रिकामी गंगाजळी पूर्वीपेक्षा जास्त भरतात. त्याच क्षणी थोडा गाळ काढून घेतला की फॉस्फरसही गेला. साध्या गाळाच्या कोरड्या वजनात फॉस्फरस २ टक्क्यांच्या आसपास असतो, तर या गाळात ५ ते ७ टक्के किंवा अधिक.

राहिला प्रश्न जिवाणूच्या नावाचा. १९७५ साली फूस आणि चेन यांनी गाळातून 'ॲसिनेटोबॅक्टर' वेगळा केला आणि पाठ्यपुस्तकांनी श्रेय त्याला देऊन टाकले. हा जिवाणू प्रयोगशाळेच्या बशीत सहज वाढतो. मेख तिथेच होती. बशीत जो वाढतो तोच टाकीत राबतो, असे गृहीत धरले गेले. नव्वदच्या दशकात जनुकीय खुणा लावून थेट गाळच तपासला, तेव्हा ॲसिनेटोबॅक्टर तेथे किरकोळ संख्येत निघाला. खरा कामकरी वेगळाच होता. १९९९ साली स्वित्झर्लंडमधील हेसेलमान आणि सहकाऱ्यांनी त्याला 'ॲक्युम्युलिबॅक्टर फॉस्फॅटिस' हे नाव दिले, तेही 'कँडिडेटस' म्हणजे 'उमेदवार' या उपाधीसह, कारण तो बशीत एकटा वाढतच नव्हता. २००६मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, तोही गाळातल्या मिश्र वस्तीतूनच.

बर्नार्ड यांना २०११ साली सिंगापूरचा ली क्वान यू जल पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. निरीक्षणाचे कारखान्यात रूपांतर त्यांनी केले. पण या विषयाचा इतिहास प्रिटोरियापासून सुरू करणारे लेख दिसतात, तेव्हा १९५९ची ती नोंद गाळली जाते आणि ते मला पटत नाही. बंगळूरच्या गाळात स्फुरद गिळणारा जीव ॲक्युम्युलिबॅक्टरच होता की दुसरा कोणी, हे मात्र त्या निबंधावरून ठरवता येत नाही. श्रीनाथ, शास्त्री आणि पिल्लई यांनी फॉस्फरस मोजला होता. तो गिळणाऱ्याचे नाव विचारण्याची साधने तेव्हा जगात कोणाकडेच नव्हती.