औट हात आणि सत्तावीस चिंचोके

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांस वंदनीय आहे. संतांच्या वाणीत मनुष्यदेहाला ‘औट हात’ म्हणण्याचा प्रघात आढळतो. औट म्हणजे साडेतीन. संस्कृतातील ‘अर्धचतुर्थ’ या शब्दाचे ते झिजलेले रूप. आता सहा वर्षांच्या मुलास त्याच्या उंचीएवढी दोरी कापून द्यावी आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, त्याच्याच हाताने, ती मोजावयास सांगावी. तीन हात सहज भरतात, चौथा काही पुरा होत नाही. वडिलांची दोरी वडिलांच्या हाताने मोजली तरी प्रकार तोच! मूल चकित होते, आणि अपूर्णांक त्याच्या ओळखीचा होतो.

आमच्या जुन्या शाळांत मात्र हा औट देहातून निघून पाठांतरात जाऊन बसला होता. पंतोजींसमोर धूळपाटी घेऊन बसलेली मुले एका सुरात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणत. त्या पद्धतीची थट्टा करणे सोपे आहे. परंतु रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर होते, तोवर मोंढ्यावर बसणाऱ्या माणसास ही विद्या पोट भरण्यासाठी हवी होती. तिच्यात ताल होता, सर्वांनी मिळून म्हणण्याचा आनंदही होता. दोष एवढाच, की सवायकी घडाघडा म्हणणाऱ्या मुलास सव्वा म्हणजे किती, हे दाखविण्याची तसदी क्वचितच घेतली जाई.

गंमत अशी, की तेच मूल घरी गेले म्हणजे उत्तम गणित करी. अंगणात एकी-बेकी चाले: मुठीत चिंचोके धरावयाचे आणि समोरच्याने ते सम की विषम हे ओळखावयाचे. हरलेल्याचे चिंचोके जात. इतकी कडक परीक्षा कोणा इन्स्पेक्टराने घेतली नसेल! मुली सागरगोटे झेलताना एक, दोन, तीन असे गट पाडीत. ओसरीवर सारीपाटाची सोंगटी दानाप्रमाणे घरे मोजीत जाई. शाळेचे गणित आणि अंगणाचे गणित यांची भेट मात्र होत नसे.

ही भेट घडविण्याचे श्रेय महाराष्ट्रात प्रामुख्याने ताराबाई मोडक यांच्याकडे जाते. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करून, १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यात त्यांनी स्वतःस वाहून घेतले. माँटेसोरीबाईंची साधने सुंदर खरी, परंतु महाग. १९४५ मध्ये बोर्डीस बालवाडीचे काम सुरू झाल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, खडे हीच साधने मानली; आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रूढ झालेला शब्द याच कार्यातून आला.

हिंगोलीचा प्रदेश तेव्हा परभणी जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात होता. तो मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ रोजी. त्या राज्यात मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू या भाषा नांदत होत्या, आणि २७ हा आकडा पाहून तेलुगू मूल म्हणे ‘इरवै एडु’, म्हणजे वीस सात. आमचे मूल म्हणे सत्तावीस: आधी सात, मग वीस. लिहावयाचे मात्र आधी दोन! मग कोणी ७२ लिहिले, तर त्यास छडी मारणे कितपत न्याय्य? एकोणतीस तर त्याहून कठीण. तीस ठाऊक असल्यावाचून ‘एक उणे तीस’ उमगावयाचे कसे?

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, मागोमाग किलोग्रॅम आला, आणि औटकीचे प्रयोजन संपले. संख्यांच्या नावांचा पेच तसाच राहिला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढे वादळ उठले! मराठी बुडाली, असेही काहींनी म्हटले. गणित समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितले, की जुनी नावे हद्दपार केलेली नाहीत. नवी रीत मुलास सोपे जावे म्हणून आहे. त्या २०२३ मध्ये निवर्तल्या. माझ्या मते त्यांचे म्हणणे रास्त होते. सत्तावीस हा शब्द मला प्रिय आहे, पण तो मुलाच्या वाटेत धोंडा म्हणून पडावा, असे वाटत नाही.

घरी हे करून पाहण्यास खर्च नाही. सत्तावीस चिंचोके मुलापुढे ओतावेत आणि दहा-दहांच्या पुरचुंड्या बांधावयास सांगावे. दोन पुरचुंड्या होतात, सात चिंचोके सुटे उरतात. पुरचुंड्या डावीकडे, सुटे उजवीकडे ठेवून त्यांखाली आकडे लिहू द्यावेत. ‘वीस सात’ ते आपण होऊनच म्हणेल. मग आजीने सांगावे, की आमच्याकडे यालाच सत्तावीस म्हणतात. आणि मुलाने ‘असे उलटे का?’ म्हणून विचारलेच, तर त्यास गप्प बसवू नये.