बग की फीचर?

परवा आईच्या दम्याच्या चिठ्ठीवर अझिथ्रोमायसिन दिसलं. आठवड्यातून तीनदा, तेही महिनोन्‌महिने! इन्फेक्शन नसताना अँटिबायोटिक कशाला? वीकएंडभर खोदकाम केलं.

गोष्ट १९८०च्या दशकातल्या जपानची. तिथे डिफ्यूज पॅनब्राँकिओलायटिस नावाचा आजार होता. दमा नव्हे, पण सूज श्वासनलिकांनाच. फार रुग्ण दगावायचे. त्यातला एक जण मात्र एका डॉक्टरने दीर्घकाळ दिलेल्या एरिथ्रोमायसिनवर चक्क सुधारला. शोजी कुदोह यांनी हे हेरलं आणि इतरांवर करून पाहिलं. गंमत म्हणजे डोस अगदी कमी, आणि ज्या सुडोमोनास जंतूवर हे औषध चालतच नाही, तो असलेलेही सुधारले. म्हणजे गोळी जंतू मारत नव्हती, सूज उतरवत होती. आम्ही याला फीचर म्हणतो :-)

दम्याचा ठोस पुरावा मात्र २०१७ साली ऑस्ट्रेलियातून आला. इनहेलर चालू असूनही त्रास होणारे ४२० रुग्ण, ४८ आठवडे. माणशी वर्षाला मध्यम ते तीव्र झटके नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांना १.८६, खरी घेणाऱ्यांना १.०७.

पण जंतू निर्ढावतात, आणि कान व हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तेव्हा मनाने मेडिकलमधून आणू नका, प्लीज. आईचा ईसीजी झालाय. कानांची तपासणी सोमवारी.