बोंडलं, बोंडी आणि बाटली

आमच्या डांगाणात दूध पाजायची बाटली फार उशिरा आली. धरण तिच्या कितीतरी आधी आलं. 1910 साली भंडारदऱ्याचं काम सुरू झालं, 1926 साली पुरं झालं, आणि त्याला गव्हर्नर लेस्ली विल्सनचं नाव लागलं. प्रवरेचं पाणी कालव्यांनी खाली उसाला गेलं. वर आमच्या वाड्यांवर मात्र आईवाचून राहिलेलं पोर जगवायची साधनं धरणाआधी होती तीच धरणानंतरही राहिली. ती तीन होती: शिंपला, कापसाची वात आणि बोंडलं.

शिंपल्यानं थेंब थेंब तोंडात सोडायचा. वात दुधात भिजवून ओठाला लावायची, पोर ती चोखायचं. बोंडलं ही त्यातली श्रीमंती. वाटीएवढंसुद्धा नाही, पुढं पन्हाळीसारखी चोच काढलेली. आमच्या घरी पितळेचं होतं, आजीच्या माहेरून आलेलं. कल्हई उडाली की ते वापरायचं नाही असा तिचा नेम होता. बोंडल्यातनं पोर चोखत नाही, त्याला ओतून पाजावं लागतं. त्यामुळं पाजणाऱ्याचा हात शहाणा पाहिजे. चोच ओठाच्या कडेला टेकवायची, घोट गिळल्याचा आवाज ऐकायचा, मग दुसरा घोट. घाई केली की दूध नाकात जातं. आजी म्हणायची, "बोंडलं पाजायला दोन हात लागत्यात आन एक कान."

अंगावर पाजणारी दुसरी बाई मिळाली तर हे काहीच लागत नसे. वाडीतल्या बायका एकमेकींची पोरं पाजत. त्यात उपकार वाटत नसे आणि नातं मात्र जन्मभराचं लागे. पण आवणीच्या दिवसांत सगळ्या बाया चिखलात, पाठीवर इरलं घेऊन दिवसभर वाकलेल्या. तेव्हा कोण कुणाला पाजणार?

तिकडं विलायत-अमेरिकेत रबराची बोंडी याच्या फार आधी निघाली होती. चार्ल्स गुडइयरनं गंधक घालून रबर टिकाऊ करायची युक्ती काढली आणि लगेच 1845 साली एलायजा प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसानं रबरी निपलचं पेटंट घेतलं. ते पहिलं रबर काळं, उग्र वासाचं होतं, पोरं तोंड फिरवत. नंतर काचेच्या बाटलीला हातभर रबरी नळी आणि नळीच्या टोकाला निपल अशी सोय निघाली. पोर पाळण्यात पडल्या पडल्या आपलं आपण पीत राही, आई कामाला मोकळी. पण नळी आतून धुता येत नसे. दूध आत नासे आणि पोरं दगावत. लोक त्यांना खुनी बाटल्याच म्हणू लागले, तरी त्या वर्षानुवर्षं खपत राहिल्या. पुढं नावेच्या आकाराची, दोन्हीकडून उघडी बाटली आली. एका तोंडाला निपल आणि दुसऱ्याला हवा आत घेणारा रबरी व्हॉल्व्ह. ती धुवायला सोपी. मला या नावेच्या बाटलीचं कौतुक वाटतं, कारण ती करणाऱ्यानं पोराबरोबर धुणाऱ्या बाईचाही विचार केला होता.

आमच्या घरी बाटली आली ती 1981 च्या आषाढात. थोरली चुलती बाळंत झाली आणि पाचव्या दिवशी तापात गेली. मुलगी मागं राहिली. शेजारची एक बाई सकाळ-संध्याकाळ येऊन पाजून जाई, पण तिचंही पोर अंगावर होतं. मधल्या वेळेला गोठ्यातल्या डांगी गाईचं दूध, बोंडल्यानं. डांगी गाय आमच्या पावसाची. तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, पाणी अंगावर ठरत नाही. दूध मात्र थोडकं. वासराचं ठेवून जे उरे ते पोरीला. पोर रात्री भुकेनं रडायची. आजीची नजर अधू झाली होती, चिमणीच्या उजेडात बोंडल्याची चोच तिला दिसत नसे. मग चुलता भर पावसात राजूरला गेला आणि काचेची बाटली व तीन निपलं घेऊन आला.

त्या काळी निपल निवडायचं म्हणजे दुकानदार बरणीत हात घालून काढून देईल ते घ्यायचं. कुणा बाळाला, किती महिन्यांच्या, असं कुणी विचारत नसे. आजी त्यांना बोंडी म्हणायची. तिनं तिन्ही बोंड्या चुलीपुढं मांडून पारखल्या. बियाणं निवडावं तशी!

पहिलीला भोकच नव्हतं, ते घरी पाडायचं होतं. दुसरीचं भोक मोठं. आजीनं पाणी भरून बाटली उलटी केली तर धारच लागली. "ही पोरीला बुडवंल," म्हणाली. तिसरीचं भोक नेमकं होतं पण रबर जाड आणि ताठ. पाच दिवसांची आई हरवलेली ती पोर, तिच्या गालात तेवढा जोर कुठला? चार वेळा ओढून ती दमली आणि बाटली तोंडात तशीच ठेवून झोपली. आम्हाला वाटलं, पोट भरलं.

मग आजीनं पहिली घेतली. शिवणाची सुई चिमट्यात धरून इंगळावर लाल केली आणि टोकाला टेकवली. चर्र झालं, घरभर जळक्या रबराचा वास. उलटी धरून पाहिली. थेंबामागं थेंब, मोजता येतील असे. आजही जाणते हीच खूण सांगतात: बाटली उलटी केल्यावर थेंब पडावेत, धार लागू नये. बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. धार लागली की तो मेळ मोडतो, ठसका लागतो. भोक बारीक झालं तर पोर नुसती हवा ओढतं आणि निपल आत चपटं होतं. त्यावर आजीनंच तोड काढली, झाकणाचा आटा जरा सैल ठेवायचा. व्हॉल्व्ह हा शब्दही तिनं आयुष्यात ऐकला नव्हता.

पोर प्यायली. आठ दिवस घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला. नवव्या दिवशी तिला हगवण लागली.

बोंडी बरोबर निवडली होती. पण ती उकळायची कशावर? आमच्याकडचा पाऊस ज्यानं पाहिला नाही त्याला हे कळायचं नाही. घाटघर-रतनवाडीकडं झड लागते ती आठ-आठ दिवस उघडत नाही. सरपण ओलं, चूल नुसती धुमसते. दोन वेळच्या भाकरीला जाळ पुरेना, तिथं दिवसातून सहा वेळा बाटली उकळायला पाणी कोण तापवणार? बाटली कोमट पाण्यानं विसळायची, निपल पदराला पुसायचं. निपलाच्या आतल्या कडेला दुधाची साय धरते, बोट पोचत नाही. घरात माशा. बोंडलं उघडं होतं, राखेनं घासलं की लख्ख. बाटलीचं पोट मात्र दिसतं आणि हाताला लागत नाही.

दोन दिवसांत पोरीची टाळू खाली गेली, डोळे खोल गेले. चुलता कुणाशी बोलेना. तिसऱ्या दिवशी नर्सबाई छत्री मोडलेल्या अवस्थेत ओढा ओलांडून वाडीवर आल्या. त्यांनी पोरीचा पोटावरचा चिमटा घेऊन पाहिला. कातडी तशीच उभी राहिली. त्यांनी पाणी उकळायला लावलं, त्यात मीठ-साखर घातली आणि आजीला विचारलं, "आजी, तुमच्याकडं बोंडलं होतं ना?"

"हाय की. पर रातीचं दिसत नाय मला."

"मग वाटी-चमचा घ्या. सूनबाई पाजंल, तुम्ही घोट ऐका. बाटली बंद."

माझी आई रात्रभर बसली. आजी अंधारात शेजारी, कान पोरीच्या गळ्याशी. पहाटे पोरीनं लघवी केली तेव्हा आजी रडली. चुलती गेली तेव्हा ती रडली नव्हती.

नंतर मला कळलं की त्याच साली, मे महिन्यात, जिनिव्हाला जागतिक आरोग्य परिषदेत बाळाच्या दुधाच्या डब्यांची, बाटल्यांची आणि निपलांची जाहिरातबाजी रोखणारी संहिता मंजूर झाली होती. 118 देश बाजूनं, विरोधात एकटी अमेरिका. त्याआधी 1974 साली इंग्लंडात 'द बेबी किलर' ही पुस्तिका निघून गरीब देशांतल्या बाटलीवरच्या पोरांची कहाणी जगापुढं आली होती. त्यातली कारणं आमच्याच घरातली: अस्वच्छ पाणी, सरपणाची टंचाई, डबा पुरवायला पातळ केलेलं दूध. आपल्याकडं 1992 साली कायदा झाला आणि 2003 साली तो आणखी कडक केला. त्याच्या व्याख्येत दूध पाजायच्या बाटलीत निपल आणि व्हॉल्व्हही धरलेत. आता यांची जाहिरात करता येत नाही. दुकानात निपल मिळतं ते मऊ सिलिकॉनचं, महिन्यांचा आकडा घातलेलं, आणि ज्या बाईला अंगावर दूधच नाही तिला ते लागतंही. तिनं ते घ्यावं, रोज उकळावं, चिरलं किंवा चिकट झालं की टाकावं. आज बटण दाबलं की पाणी उकळतं, हा फरक मी विसरत नाही.

चुलतबहिणीची पोरगी आता कॉलेजात आहे. बोंडलं माझ्या आईकडं आहे, कल्हईवाला येईनासा झाल्यापासून ते नुसतं फडताळात असतं. बाटली आजीनं घासलेटाला वापरली. निपलं तिनं फेकली नाहीत. त्या साली शिमग्याला एक शेळी तीन करडं घालून मेली, तेव्हा धार लागणारी ती दुसरी बोंडी बाहेर निघाली. करडांना ती फार मानवली. शेपट्या हलवत, ढुशा देत ती अशी प्यायची की आजीला दोन्ही हातांनी बाटली धरावी लागे.